केरबाच्या घराचं चौथं गिऱ्हाईक

बसा, बसा. असं लांब नका बसू, चुलवाणाच्या उबेला सरका. रस आत्ता कुठं काहिलीत पडलाय, गूळ व्हायला लई येळ हाय. ऊस खावा, हात चिकट करा अन् ऐका. मधी उठायचं न्हाई. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. मागनं एकट्याला जायची छाती हुणार न्हाई, मग म्हणू नका तात्यानं सांगितलं नव्हतं.

ऐका. अंधार पडला व्हता. माघातली रात, चंद्राचा पत्ता न्हाई. अन् आमचा केरबा पोवार एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी घेऊन निळेवाडीतनं निघाला. एकटा! कुठं? तर भारंगीच्या खिंडीतनं पल्याड सुळगावला. दिवस बुडाल्यावर त्या खिंडीत चुकलेलं ढोर शोधायलासुद्धा कुणी जात नव्हतं. अन् हा निघाला!

कशापायी? घर विकायला.

हसू नका. हसायचं मागनं येणार हाय, तवा हसा. घर विकायला माणूस रातचा खिंडीत शिरतो का? शिरतो. तशी पाळी आली की शिरतो. ती पाळी कशी आली तेवढं आधी सांगतो.

केरबा माझा मावसभाऊ. वाडीच्या वरल्या अंगाला त्याचं घर. कौलारू, पुढं ऐसपैस सोपा, मागं म्हशींचा गोठा, परड्यात फणस. त्याच्या बानं, आबांनी, सोता माती तुडवून बांधलेलं. दोन्ही लेकी लग्न हून गेल्या. घरात राहिली दोघं, केरबा अन् त्याची बायको शेवंता.

शेवंतावयनी म्हणजे काय सांगू तुमाला! पंचक्रोशीत लग्न असू दे, जत्रा असू दे, आमटीच्या हंड्यापाशी उभी कोण? शेवंता. तिच्या हातची आमटी खाऊन माणसं ताट चाटत व्हती अन् वर इकडं तिकडं बघत व्हती, कुणी बघितलं का म्हणून. तर त्या बाईच्या मनात एकच. गडहिंग्लजला खानावळ काढायची. स्टँडाच्या मागं एक जागा व्हती, पुढं बाकडी मांडायला खोली, मागं मोठं स्वैपाकघर. जागेची मालकीण मगदूम काकी. तिनं एका लग्नात हिच्या हातचं खाल्लेलं. ती म्हणली, "शेवंता, जागा तुलाच. पर मी म्हातारी बाई, किती थांबू? शिमग्यापातूर थांबते. मग दुसऱ्याला दिली तर राग धरू नको."

वयनी घरी आली अन् नवऱ्याला म्हणली, "अवो, समदं आयुष्य दुसऱ्यांच्या मांडवात रांधलं. एकदा माझ्या नावाच्या चुलीवर रांधू द्या की."

आता दुसरा नवरा असता तर म्हणला असता, गप बस. केरबा तसला न्हाई. तो दोन दिवस फणसाखाली बसला. कौलांकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. मग उठला अन् म्हणला, "विकू घर."

अन् गिऱ्हाईक मिळालं की! लगेच मिळालं. पल्याडचं सुळगाव नदीच्या पार काठाला. दर पावसात पाणी चुलीपातूर येतं, माणसं भांडी डोक्यावर घेऊन देवळात जाऊन बसत्यात. तिथल्या माणसांना उंचावरचं घर पायजेच व्हतं. पयलं गिऱ्हाईक शिंत्रे गुरुजी. दुपारी आले, घर बघितलं, खूश! चहा घेतला, म्हणले, "परवा विसार घेऊन येतो." अन् दुसऱ्या दिवशी सांगावा आला. घर नको.

का नको? कारण न्हाई. नको म्हणजे नको.

दुसरं गिऱ्हाईक सुभेदार नार्वेकर. मिलिटरीतला गडी, मिशा अशा की लिंबू ठरावं. तोबी आला, भिंतीवर थाप मारून म्हणला, "पक्कं!" दुसऱ्या दिवशी सांगावा. घर नको. पुढं बाजारात केरबा समोर दिसला तर एवढा मोठा सुभेदार कांद्याच्या पोत्यामागं लपला!

मग वाडीत कुजबूज सुरू झाली. घरात कायतरी हाय. परड्यात कायतरी पुरलंय. फणसावर कायतरी बसतंय. माणसाच्या तोंडाला काय, बसल्या जागी भूत तयार हुतंय. पर शेवंतावयनी फटकळ. ती म्हणली, "घराला काय झालं न्हाई. घरधन्याच्या जिभेला झालंय."

त्यातबी खोटं नव्हतं बरं का. केरबा म्हणजे बोलका माणूस. घर दाखवायला लागला की एक वासा सोडायचा न्हाई. "ह्यो वासा बघा, ह्यो आबांनी खांद्यावरनं आणला. हितं आमची थोरली पयल्यांदा उभी राहिली. ह्या कोपऱ्यात गळतं बरं का, लपवून ठेवत न्हाई. ह्या खिळ्याला आबांची पगडी..." गिऱ्हाईक आलेलं दुपारचं, अन् निघायचं दिवे लागल्यावर. मग अंधारात खिंडीतनं घरी. कळलं का? ध्यानात ठेवू नका, नुस्तं ऐका.

तिसरं गिऱ्हाईक यशवंत रेडेकर. दुभत्याचा धंदा, दावणीला म्हशीच म्हशी. त्याला घराशी देणंघेणं न्हाई, त्यानं गोठा बघितला अन् गोठ्यातच बसला! म्हणला, "केरबा, माझ्या म्हशी हितं सुखात राहतील. मी कुठंबी झोपीन. सोमवारी विसार घेऊन येतो." शेवंतावयनीनं त्या दिवशी वाडीभर गुळाचा चहा पाजला. मीबी प्यालो. भांडी बांधायला काढली बाईनं.

सोमवार आला. दुपार टळली, दिवस बुडायला आला. रेडेकराऐवजी तेलवाला आला. म्हणला, "रेडेकरानं सांगितलंय, घर नको म्हणावं."

अरं बाबा! वयनी चुलीपुढं व्हती. हातातली पळी खाली ठेवली तिनं. रडली न्हाई, ओरडली न्हाई. केरबाच्या जिभेला नावंबी ठेवली न्हाई. आत गेली अन् भिंतीकडं तोंड करून निजली. ऐन तिन्हीसांजेला! ज्या घरात ह्या बाईचा आवाज ऐकून कोंबडी जागी हुईत, ते घर गप. केरबा म्हणतो, तात्या, ती शिव्या देती तर बरं झालं असतं. ती गप मला सोसवली न्हाई.

तर हे असं. तवा केरबा उठला, कंदील लावला. दारात जाऊन म्हणला, "मी रेडेकराला भेटून येतो."

आतनं आवाज आला, "सकाळी जावा."

"सकाळी तो म्हशी घेऊन बाजारला जातोय. आत्ताच गाठतो."

"कालव्याच्या वाटेनं जावा, खिंडीतनं नको."

"कालव्याच्या वाटेनं पोचायला मध्यान्रात हुईल. खिंडीतनं आत्ता येतो जाऊन."

निघाला.

अरं चिपाडं सारा कुणीतरी, जाळ मंदावला. हां. आता ऐका.

खिंडीच्या तोंडाला एक दुभंगलेला उंबर हाय. वीज पडून मधी फाटलेला, पर जित्ता. केरबा त्या उंबरापाशी आला अन् कंदील विझला. वारा न्हाई. पान हलत न्हाई. अन् कंदील फुंकर मारल्यागत फुस्स! त्यानं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. म्हणला, असू दे, वाट पायाखालची हाय.

चार पावलं गेला असंल, मागनं आवाज. कसा? गोड! आपल्या पाव्हण्यागत. "रामराम पाव्हणं. घर विकायचं हाय म्हणं?"

केरबा वळला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पांढरं मुंडासं, एक उंच माणूस. मुंडाशाखाली तोंड दिसंना, पर अंधारात कुणाचं दिसतंय? केरबाला वाटलं, सुळगावचाच कुणीतरी. तुमी मी असतो तर पळालो असतो. पर ह्या माणसाला तीन गिऱ्हाईकांनी पाठ दाखवलेली. त्याला गिऱ्हाईक दिसल्यावर भीती कुठली! तो म्हणला, "विकायचं तर हाय. तुमाला पायजे का?"

"पायजे की. लई दिवस घर बघतोय. दार कुठल्या अंगाला?"

"उगवतीला."

"चूल रोज पेटती?"

"दोन टायमाला."

"उंबरा लाकडी का दगडी? रातचं दार उघडं ठेवता का लावून घेता? कोण कुठं झोपतंय?"

बघा, असले प्रश्न कोण इचारतं? घर घेणारा पाणी इचारंल, सात-बारा इचारंल. पर केरबा आपला सांगतोय, सांगतोय. तो पाव्हणा म्हणला, "चला, चालता चालता बोलू." दोघं निघाले. तो पुढं, केरबा मागं.

चालले, चालले. घराचं सांगत सांगत केरबा दोन्ही लेकींच्या बारशापातूर पोचला. वर बघतो तर समोर उंबर! दुभंगलेला! अरं, ह्यो तर मागं पडला व्हता. वाट चुकली असंल म्हणून डाव्या अंगानं गेला. चढ लागला, उतार लागला, काट्यांनी धोतर फाटलं. पुढं काय? उंबर! त्यानं पुढच्या गड्याच्या पायाकडं बघितलं. घोंगडं दिसतंय, मुंडासं दिसतंय. पायच दिसनात. पाचोळ्यावरनं चाललाय अन् पाचोळा वाजत न्हाई!

चकवा! चकवा लागला व्हता मंडळी!

चकवा म्हणजे ठावं हाय न्हवं? तो मारत न्हाई, धरत न्हाई. तो नुस्तं चालवतो. रातभर चालवतो अन् शेवटाला अशा जागी नेतो, जिथनं पुढं पाऊल टाकायला जमीन नसती.

केरबा आयुष्यात पयल्यांदा गप झाला. तेवढ्यात पुढचा वळला अन् बोलला. अन् आवाज कुणाचा? रेडेकराचा! हुबेहूब रेडेकराचा! "केरबा, अरं मीच हाय. चुकलं माझं. विसार आणलाय, हात पुढं कर."

गिऱ्हाईक परत आलं म्हणल्यावर माणसाचं मन कसं असतंय! भीती बाजूला राहिली, हात पुढं झाला. तळहातावर कायतरी पडलं. गार. ओलं. जड. केरबानं मूठ मिटली, तर मुठीत ते हललं! उघडून बघतो तर भलामोठा बेडूक! डराँव करून त्याच्या तोंडावरच उडाला!

हसा आता, हसा. केरबा हसला नव्हता. बोंबलत पळाला तो. काठी तिथंच पडली, एक वहाण चिखलात राहिली. काट्याकुट्यातनं, धोंड्यातनं पळतोय, पळतोय. मागनं तो गोड आवाज, "पाव्हणं, घर दाखवा की! घर दाखवा की!"

अन् मग पुढं दिवा दिसला.

ऐका हां, हितं नीट ऐका. दिवा दिसला अन् दिव्यामागं घर दिसलं. त्याचंच घर! तोच सोपा, तीच कौलं, परड्यात फणस. दार उघडं. आत चुलीपुढं शेवंता बसलेली. तिनं मान वळवली अन् हसली. म्हणली, "आला का? या आत. ताट वाढलंय."

केरबाला रडायला आलं. आलो बाबा घरी! वाट फिरून फिरून घराकडंच आली म्हणायची. त्यानं पाय उचलला. उंबरा समोर, पाऊलभर. पाय वर उचललेला, अन् तसाच थांबला.

का थांबला? त्याला सोताला कळंना का थांबलो. नाक म्हणलं, थांब. अहो, चूल धडाडून पेटलीय अन् धूर न्हाई! ताट वाढलंय अन् वास न्हाई! शेवंताच्या चुलीवर नुस्ती मिरची परतली तर खालच्या आळीत माणसं शिंकत्यात. अन् हितं काय? गार ओल्या मातीचा वास. हिरीच्या तळाला येतो तसला. त्यानं हात पुढं केला, जाळाची ऊब लागते का बघायला. ऊब न्हाई. उलट गार वारं. खालनं वर येणारं.

त्यानं पाय मागं घेतला.

लहानपणी आमच्या मावशीनं, म्हणजे त्याच्या आईनं, सांगितलेलं एकदम आठवलं त्याला. चकवा लागला तर चालायचं न्हाई. बसायचं. चालणाऱ्याला तो फिरवतो, बसलेल्यापुढं त्याचं काय चालत न्हाई. केरबा धपकन खाली बसला. मांडी घालून. धोंड्याला पाठ लावली अन् म्हणला, "आता तुझा बाप आला तरी मी उठत न्हाई."

अन् आला की बाप! त्या भुताचा न्हाई, ह्याचा!

घरातनं खोकल्याचा आवाज आला. मरून इतकी वर्सं झालेली, पर लेक बापाचा खोकला इसरतो व्हय? आबांचा खोकला! मग आबांचा आवाज. "केरबा. मी माती तुडवली. मी वासं वाहिलं. अन् तू माझं घर विकायला काढलंस? ये, आत ये. बापाच्या पाया पड अन् सांग, विकत न्हाई म्हणून."

आता बोला. बेडकाला भ्याला तो हितं भ्याला न्हाई, पर त्याच्या काळजाला पीळ पडला. कारण हाच प्रश्न त्याला फणसाखाली बसल्यावर पडला व्हता. तो मला म्हणला, तात्या, तवा मला वाटलं उठावं अन् आत जावं. पाया पडावं. मग काय व्हायचं ते हू दे.

पर उठला न्हाई. बसल्या जागी हात जोडले अन् मोठ्यानं बोलला. "आबा असशील तर ऐक. नसशील तरी ऐक. तू हे घर बांधलंस तवा तुझ्या बाचं घर सोडूनच आला व्हतास न्हवं? आईला चूल पायजे व्हती म्हणून आलास. तूच सांगायचास. आता तुझ्या सुनेला चूल पायजे. तुझ्या आजारपणात तिनं तुला भरवलं, तवा तू म्हणला व्हतास, हिच्या हाताला देव हाय. मग त्या हाताला जागा नको? म्हणून विकतोय. तुझी माती मला प्यारी हाय, पर ती आज आत भिंतीकडं तोंड करून निजलीय. ते मला बघवंना आबा."

खोकला थांबला. घरातला दिवा बारीक झाला, अन् विझला. घर न्हाई, फणस न्हाई. काळोख.

मग त्या काळोखातनं पयला गोड आवाज. पर आता जवळ. कानापाशी. "मग मलाच वीक की. सांग, घरात काय काय हाय?"

पळायचं न्हाई, उठायचं न्हाई. मग करायचं काय? त्याला आयुष्यात एकच गोष्ट बरी येत व्हती. ती त्यानं केली. बोलायला लागला! म्हणला, "घेणार म्हणतोस तर सगळं ऐकून घे. मी लपवून विकत न्हाई. पयलं जोतं. जोत्याला धोंडे खाणीतनं आणले, तवा बैल कुणाचे व्हते माहीत हाय? सांगतो..."

अन् सुरू झाला! जोतं झालं, भिंती झाल्या. कुठल्या भिंतीला कुठल्या साली पोपडं आलं. एकेक वासा, त्याचं लाकूड कुठलं, ते तोडताना कोण कोण व्हतं, त्यातलं कोण कुणाचा साडू. कौलं कुठनं आणली, वाटंत गाडी कशी कलली, किती फुटली, त्यावरनं आबा अन् गाडीवान कसे भांडले, दोघांची बोलणी दोघांच्या आवाजात! भूत मधीच म्हणलं, "बरं, बरं, गोठा सांग." हा म्हणला, "गोठ्याला येतो, आधी मोरी." मोरी! मोरीचं पाणी कुठं जातं, शेजाऱ्यानं त्यावरनं पंच कसे बसवले, पंचांत कोण काय बोललं...

भुतानं जांभई दिली म्हणत्यात. मी नव्हतो तिथं, केरबा सांगतो ते सांगतोय. आधी ते कानापाशी व्हतं. मग जरा लांब गेलं. मग उंबरापाशी गेलं. हा आवाज वाढवून सांगतोय, "अन् माळ्यावर घुशी हायत्या, ते सांगायचं राहिलं बघ!" तिकडनं आवाज, "पुरं!" हा म्हणतोय, "पुरं कसं? अजून परडं हाय!" अन् मग खिंडीच्या पार वरनं, लई लांबनं, रडकुंडीला आल्यागत एक आवाज आला.

"नको! मला नको तुझं घर!"

अन् कोंबडा आरवला. सुळगावातला.

तेच म्हणतोय! चौथं गिऱ्हाईक. तेबी पळालं!

थांबा, हसून घ्या, मग सांगतो. कारण पुढचं हसायचं न्हाई. उजाडलं. केरबानं डोळं चोळलं अन् समोर बघितलं. जिथं घर दिसलं व्हतं, जिथं उंबरा व्हता, जिथं त्यानं पाय उचलला व्हता, तिथं काय? कडा! सरळ तुटलेला. खाली बघवत न्हाई. तळाला करवंदीच्या जाळ्या अन् मागं टाकून पळालेली त्याची काठी एका जाळीत अडकलेली. म्हणजे बेडूक हातात पडला तीबी जागा कड्याचीच! एक पाऊल, मंडळी. एक पाऊल टाकलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो, त्याच्या वर्षश्राद्धाचं जेवण सांगत असतो.

मग केरबा सरपटत मागं आला, देवाचं नाव घेतलं अन् खिंड उतरून थेट रेडेकराच्या गोठ्यात. रेडेकर धार काढत व्हता. ह्याचं फाटलेलं धोतर, एक पाय अनवाणी, अंगभर ओरखडे. बघितलं अन् त्याच्या हातनं चरवी निसटली. म्हणला, "तुलाबी?"

"मलाबी. म्हणजे तुला?"

रेडेकर बघतोय इकडं तिकडं. बायको ऐकते का म्हणून. मग हळूच म्हणला, "केरबा, तुझं घर बघून आलो त्या राती मी उजाडेपातूर त्या उंबराभोवती फिरलो. अन् सारखं तुझं घर दिसत व्हतं रं. वयनी हाका मारत व्हत्या. मला वाटलं, तुझ्या घरातलंच काय माझ्या मागं लागलंय. पर सांगू कसं? म्हशीवाला भुताला भ्याला म्हणून गाव हसलं असतं."

गुरुजींचं तेच! सुभेदाराचं तेच! गुरुजी पोरांना सांगणार, भूतबित काय नसतं, अन् सोता राती पाटलोण फाडून घरी आलेले. सुभेदार मिशीवाला! कुणीच कुणाला बोललं न्हाई. घराचं नाव मातुर वाईट झालं.

तेवढ्यात गोठ्याच्या दारात रेडेकराची बायको. तानूबाई. समदं ऐकलेलं तिनं. कंबरेवर हात ठेवून म्हणली, "म्हणजे घर चांगलं, वाट वाईट. अन् तुमी वाटेवरनं घर सोडलं? दर पावसात चिखल मी काढते, तुमी न्हाई. गाडी जुंपा. कालव्याच्या वाटेनं जायाचं. मला घर बघायचंय."

"आत्ता? बाजार..."

"म्हशी पुढच्या बाजारला जातील. जुंपा म्हणते न्हवं!"

झालं. लख्ख उन्हात बैलगाडी कालव्याच्या वाटेनं निळेवाडीत आली. शेवंतावयनी दारात उभी. रातभर वाट बघून डोळे लाल झालेले. नवऱ्याला बघितलं अन् पयलं वाक्य, "वहाण कुठं टाकली दुसरी?" केरबा मला म्हणला, तात्या, ते ऐकलं अन् कळलं, हे घर खरं हाय.

तो तानूबाईला घर दाखवायला पुढं झाला. "ह्यो वासा..." शेवंतावयनीनं त्याला हाताला धरून फणसाखाली नेऊन बसवलं. दोघी आत गेल्या. चुलीपाशी बसल्या. बाहेर गड्यांचा चहा निवायच्या आत तानूबाई बाहेर आली अन् म्हणली, "ठरलं. फणस मातुर तोडायचा न्हाई, त्याच्या गऱ्यातला वाटा दरसाल खानावळीत पोचवायचा. वयनींनी शब्द घेतलाय." विसार त्याच दिवशी झाला. नारळ फोडला. मगदूम काकीला निरोप गेला तवा शिमगा तोंडावर आला व्हता.

खानावळ अजून हाय. जावा कधी. वयनीची आमटी तीच. केरबा बाकड्यावर बसलेला असतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. निळेवाडीतला माणूस आला की आधी इचारतो, कौलं चाळली का रेडेकरानं? मग पुन्हा सुरू.

अन् ती खिंड? ती तिथंच हाय. उंबरबी हाय. तवा ऐका, पोरींनो, पोरांनो, पाव्हणं, तुमीबी. दिवेलागणीनंतर भारंगीच्या खिंडीत पाऊल घालायचं न्हाई. कितीबी घाई असू दे. कालव्याच्या वाटेनं जायचं. अन् चुकून शिरलाच, अन् मागनं गोड आवाजात कुणी इचारलं, घर कुठल्या अंगाला, चूल पेटती का, तर सांगायचं न्हाई. तुमच्या घराची एकबी खूण सांगायची न्हाई. जितकी सांगाल तितकं तुमचं घर ते कड्यावर उभं करतंय. खाली बसायचं अन् उजाडायची वाट बघायची.

केरबाच्या भावकीतल्या, पाव्हण्यारावळ्यातल्या माणसाला मातुर ते अडवत न्हाई म्हणत्यात. पोवार म्हणलं की लांबनंच वाट सोडतंय. आता मी त्याचा मावसभाऊ, मलाबी सोडंल.

पर मीबी जात न्हाई. उठा, काहील उतरायला आली.